संपर्क-फॉर्मची चौकशी हरवू नये म्हणून: मेल पाठवणाऱ्या स्क्रिप्टची दुरुस्ती

तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. सिंधुदुर्गातील एका होमस्टेच्या संकेतस्थळावरील संपर्क-फॉर्म पीएचपीमध्ये लिहिलेल्या एका लहान स्क्रिप्टकडे जातो. ती नाव, ईमेल, विषय आणि मजकूर हे चार रकाने उचलते, चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालते, पीएचपीच्या ‘मेल’ या फंक्शनने मालकाला पत्र पाठवते आणि पडद्यावर ‘धन्यवाद’ छापते. साइट साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे अनेक साइटांच्या सामायिक सर्व्हरवर, आहे. तक्रारी तीन आहेत: काही चौकशा मालकापर्यंत पोहोचतच नाहीत, मराठीतला विषय किंवा मजकूर कधीकधी फुटक्या अक्षरांत दिसतो, आणि कचरा मेलांचा त्रास रोजचा झाला आहे.

या तक्रारी वेगवेगळ्या दिसल्या, तरी त्या सुधारण्याचा क्रम ठरवताना एक गोष्ट आधी मान्य करावी लागते. चौकशी स्वीकारणे आणि तिची खबर मालकाला देणे ही दोन स्वतंत्र कामे आहेत, आणि तुमची स्क्रिप्ट ती एकच समजते. मेल हे खबर देण्याचे साधन म्हणून ठीक आहे. नोंदवही म्हणून ते भरवशाचे नाही. ज्या क्षणी मेल हीच चौकशीची एकमेव प्रत ठरते, त्या क्षणी डीएनएसमधली (डोमेनच्या जाहीर नोंदींमधली) एक चुकीची ओळ, बदललेला पासवर्ड किंवा समोरच्या सर्व्हरचा एखादा नवा नियम यांतले काहीही त्या चौकशीचा मागमूस न ठेवता ती पुसून टाकू शकते.

‘मेल’ फंक्शन ‘खरे’ असे उत्तर देते तेव्हा त्याचा अर्थ एवढाच असतो, की त्याच यंत्रावरच्या मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने पत्र आपल्या ताब्यात घेतले. ते पुढे गेले का, समोरच्याने घेतले का, की स्पॅमच्या पेटीत टाकले, यांपैकी काहीच त्या उत्तरात नसते. पत्र नाकारले गेले तर ‘पोहोचले नाही’ असा परतीचा निरोप येतो खरा. पण तो पाकिटावरच्या प्रेषकाकडे, म्हणजे सर्व्हर एकमेकांना सांगतात त्या पत्त्याकडे, जातो, आणि शेअर्ड होस्टिंगवर हा प्रेषक बहुधा सर्व्हरवरचे तुमच्या खात्याचे नाव असते. ती पेटी कोणी उघडत नाही. शिवाय तुमची स्क्रिप्ट हे उत्तरही तपासत नाही आणि दोन्ही परिस्थितींत ‘धन्यवाद’ म्हणते, त्यामुळे खोली मागणारा माणूस फोनची वाट पाहत बसतो आणि मालकाला तो अस्तित्वात असल्याचेही कळत नाही.

म्हणून मुख्य बदल असा करावा, की फॉर्म आला की तो तपासून आधी डेटाबेसमध्ये नोंदवावा, नोंद झाली तरच आभार मानावेत, आणि मेल पाठवण्याचे काम वेगळ्या स्क्रिप्टवर सोपवावे. या नोंदीत आलेली वेळ, चारही रकाने, फोन विचारत असाल तर तो, मेल गेला की नाही याची खूण, प्रयत्नांची संख्या आणि शेवटच्या अपयशाचे कारण एवढे रकाने पुरतात. होस्टिंगवर मायएसक्यूएल हा डेटाबेस बहुधा असेल. नसेल तर एसक्यूलाइटची एक फाइल, तीही वेबवरून उघडणाऱ्या ‘पब्लिक एचटीएमएल’ फोल्डरच्या बाहेर ठेवलेली, होमस्टेच्या चौकशांना भरपूर झाली. माहिती घालताना पीडीओ या पीएचपीच्या डेटाबेस-सोयीतली ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट’ पद्धतच वापरावी, म्हणजे आज्ञा आणि माहिती वेगवेगळ्या राहतात. एसक्यूएलच्या वाक्यात रकाने थेट जोडणे हा प्रकार आजच्या काळात चर्चेचाही विषय राहिलेला नाही. मायएसक्यूएलमध्ये तक्त्याचा अक्षरसंच ‘यूटीएफ८एमबी४’ असा निवडावा. नुसते ‘यूटीएफ८’ लिहिल्यास प्रत्येक चिन्हाला कमाल तीन बाइट मिळतात. देवनागरीला ते पुरतात, त्यामुळे चाचणीत सगळे सुरळीत दिसते. मात्र कोणी मजकुरात एखादा हसरा इमोजी टाकला, की चार बाइटांचे ते चिन्ह नोंदच अडवते किंवा तिथून पुढचा मजकूर कापते.

पाठवणारी दुसरी स्क्रिप्ट क्रॉनवरून, म्हणजे ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीवरून, दर पाच मिनिटांनी चालवावी. तिने न गेलेल्या नोंदी उचलाव्यात, पाठवून पाहाव्यात, यश आले तर खूण करावी, आले नाही तर कारण लिहून पुढच्या वेळेसाठी थांबावे, आणि दर अपयशानंतर मधले अंतर वाढवत न्यावे. आधीची फेरी संपायच्या आत पुढची सुरू होऊ नये म्हणून तिने सुरुवातीलाच एका फाइलवर कुलूप घ्यावे. एक बारकावा तरीही उरतो: समोरच्या सर्व्हरने पत्र स्वीकारले आणि खूण करण्याआधी स्क्रिप्ट बंद पडली, तर तेच पत्र दुसऱ्यांदा जाईल. हे पूर्णपणे टाळणे अवघड आहे आणि टाळण्याच्या मागे लागूही नये. एक चौकशी दोनदा आली तर मालक फार तर वैतागेल. पत्राचा ‘मेसेज-आयडी’ नोंदीच्या क्रमांकावरून बनवला तर अशी जुळी पत्रे ओळखणेही सोपे जाते.

दुहेरी चौकशीचे दुसरे कारण मात्र सहज काढता येते. फॉर्म स्वीकारल्यावर त्याच पत्त्यावर आभाराचे पान छापले, की पान ताजे करताच ब्राउझर फॉर्म पुन्हा पाठवायला निघतो. म्हणून नोंद झाल्यावर ३०३ हा संकेत देऊन ब्राउझरला वेगळ्या आभार-पानाकडे वळवावे. फॉर्म दाखवतानाच त्यात एक यादृच्छिक टोकन, म्हणजे दर वेळी वेगळा असा संकेत, ठेवावे, ते सेशनमध्येही (सर्व्हरवर त्या भेटीपुरत्या जपलेल्या माहितीत) जपावे आणि डेटाबेसमध्ये त्या रकान्यावर ‘युनिक’ निर्देशांक लावावा. घाईत दोनदा बटण दाबणाऱ्याची दुसरी नोंद आपोआप नाकारली जाते. त्याला चूक न दाखवता आभाराचे पानच दाखवावे. हेच टोकन परक्या साइटवरून तुमच्या फॉर्मवर होणारा मारा रोखण्याचेही काम करते. आणि नोंदच होऊ शकली नाही, डेटाबेस बंद होता, तर खरे सांगावे: चौकशी नोंदता आली नाही, कृपया या क्रमांकावर फोन करा. अशा वेळी टाइप केलेला मजकूर रकान्यांत तसाच राहिला पाहिजे. मोबाइलवर दहा ओळी मराठी लिहिलेल्या माणसापुढे कोरा फॉर्म ठेवला, तर तो पुन्हा लिहीत नाही. तो शेजारच्या होमस्टेला फोन लावतो.

आता चौकशा नेमक्या का हरवत होत्या, याकडे येतो. मुख्य संशयित ‘फ्रॉम’ हा हेडर, म्हणजे पत्राच्या माथ्यावरची प्रेषकाची ओळ, आहे. पत्र त्या ग्राहकाकडून आले आहे, म्हणून त्याचाच पत्ता ‘फ्रॉम’मध्ये असावा, हा विचार स्वाभाविक आहे आणि पूर्वी तो चालूनही जात असे. वस्तुतः पत्र पाठवणारा तुमचा सर्व्हर आहे, आणि आजची मेलव्यवस्था नेमके हेच तपासते. मेलला दोन प्रेषक असतात: एक पाकिटावरचा, जो सर्व्हर एकमेकांना सांगतात, आणि दुसरा आतल्या पत्रावरचा, जो वाचणाऱ्याला ‘फ्रॉम’ म्हणून दिसतो. एसपीएफ पाकिटावरच्या डोमेनला विचारते, की या आयपी पत्त्याला तुमच्या वतीने पत्र पाठवायची परवानगी आहे का. डीकेआयएम पत्रावर डोमेनची स्वाक्षरी करते. या दोहोंवर डीमार्क बसते आणि अट घालते, की दोन्हींपैकी किमान एक कसोटी उत्तीर्ण झाली पाहिजे आणि त्या कसोटीचे डोमेन ‘फ्रॉम’मध्ये दिसणाऱ्या डोमेनशी जुळले पाहिजे. न जुळल्यास पत्राचे काय करावे, तेही त्या डोमेनचा मालक जाहीर करू शकतो.

एप्रिल २०१४ मध्ये याहूने आपल्या डोमेनसाठी ‘अशी पत्रे नाकारा’ हे धोरण जाहीर केले आणि त्याच महिन्यात एओएलनेही तेच केले. तेव्हापासून याहूचा पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून तुमच्या होस्टिंगवरून निघालेले पत्र डीमार्क पाळणारा सर्व्हर दारातच परत पाठवतो. तुमच्या काही चौकशा पोहोचतात आणि काही पोहोचत नाहीत, याचे कारण बहुधा इथेच आहे: कोणती चौकशी वाचते, हे चौकशी करणाऱ्याच्या मेलसेवेच्या धोरणावर ठरते. जीमेलच्या प्रेषकांसाठीच्या सूचनांतही आपला पत्ता ‘फ्रॉम’मध्ये घालून तोतयेगिरी करू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या दोघांनीही लहानमोठ्या सर्वच प्रेषकांकडून निदान एसपीएफ किंवा डीकेआयएमची अपेक्षा धरली आहे. जीमेलकडे दिवसाला ५,००० किंवा त्याहून अधिक पत्रे पाठवणाऱ्यांना तर दोन्ही आणि वर डीमार्कही लागते. तुमचा आकडा त्याच्या जवळपासही नसेल, परंतु पहिली अट तुम्हालाही लागू आहे.

उपाय सोपा आहे. ‘फ्रॉम’मध्ये कायम तुमच्याच डोमेनचा एक ठरलेला पत्ता ठेवावा, पाकिटावरचा प्रेषकही तुमच्याच डोमेनचा आणि कोणीतरी वाचत असलेला असावा, आणि चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’मध्ये घालावा. मालकाने उत्तराचे बटण दाबले, की पत्र योग्य माणसाकडेच जाते. यासोबत डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफची नोंद एका डोमेनला एकच असावी. होस्टिंगवाल्याने एक दिलेली असते, नंतर दुसऱ्या मेलसेवेच्या सूचना वाचून कोणीतरी दुसरी जोडतो, आणि दोन नोंदी झाल्या की तपासणीचा निकाल ‘कायमची चूक’ असा येऊन दोन्ही निरुपयोगी ठरतात; त्या एकाच ओळीत विलीन कराव्यात. त्या ओळीच्या तपासणीत होणाऱ्या डीएनएस-चौकशांना १० ची मर्यादा आहे, हेही ध्यानात असू द्यावे. होस्टिंग सांभाळायला सीपॅनेल हे साधन असेल तर ‘ईमेल डिलिव्हरेबिलिटी’ या पानावर एसपीएफ आणि डीकेआयएमची स्थिती दिसते आणि तिथूनच दुरुस्तही करता येते. डीमार्कची सुरुवात ‘काहीही करू नका, फक्त अहवाल पाठवा’ या धोरणाने करावी आणि काही आठवड्यांचे अहवाल पाहून मगच ते कडक करावे.

‘मेल’ फंक्शन सोडून एसएमटीपीने, म्हणजे खाते व पासवर्ड देऊन रीतसर पाठवावे, असे मी सुचवेन. त्यासाठी पीएचपीमेलर किंवा सिम्फनी मेलर यांपैकी एक लायब्ररी घ्यावी. जुन्या लेखांत शिफारस केलेल्या स्विफ्टमेलरची देखभाल २०२१ अखेर थांबली आहे, तेव्हा नव्याने तिच्या वाटेला जाऊ नये. तुमच्या डोमेनच्या मेलखात्यासाठी पोर्ट ५८७ किंवा ४६५ वापरावे. पोर्ट २५ हे सर्व्हर-सर्व्हरमधल्या व्यवहाराचे आहे आणि क्लाउड कंपन्यांपैकी अनेक जणी ते बाहेर जाण्यासाठी बंद ठेवतात. जीमेलच्या खात्यातून पाठवायचे असेल तर नेहमीचा पासवर्ड चालत नाही. वैयक्तिक खात्यांसाठी ती सोय मे २०२२ अखेर बंद झाली. द्विस्तरीय पडताळणी चालू करून १६ अक्षरांचा ‘अॅप पासवर्ड’ घ्यावा लागतो. पासवर्ड कोणताही असो, तो वेबवरून उघडता येणाऱ्या फोल्डरच्या बाहेर असला पाहिजे. एसएमटीपीचा खरा फायदा असा, की समोरचा सर्व्हर काय म्हणाला ते उत्तर तुमच्या हातात येते आणि ते नोंदीतल्या ‘अपयशाचे कारण’ या रकान्यात जसेच्या तसे लिहिता येते. ते आभार-पानावर मात्र कधीही छापू नये.

सुरक्षेबद्दल या प्रकारच्या स्क्रिप्टांचा इतिहास बोलका आहे. १९९५ मध्ये आलेली ‘फॉर्ममेल’ ही पर्ल स्क्रिप्ट जगभरच्या असंख्य साइटांवर बसवली गेली. तिच्यात पत्र कोणाला पाठवायचे तो पत्ता फॉर्ममधल्या लपवलेल्या रकान्यात असे. कचरा मेल पाठवणाऱ्यांनी तो रकाना बदलून परक्यांच्या सर्व्हरवरून हवे तिथे पत्रे पाठवायला घेतली. तुमच्या फॉर्ममध्ये मालकाचा पत्ता लपवलेल्या रकान्यात नाही, हे चांगले आहे. मात्र त्याच जातीचे दुसरे भोक आहे. मेलचे हेडर एकेका ओळीने वेगळे होतात. ‘फ्रॉम’ची ओळ तुम्ही रकान्यातला मजकूर जोडून बनवता. त्या मजकुरात कोणी ओळ तोडणारे चिन्ह आणि त्यापुढे ‘बीसीसी’ची, म्हणजे गुप्त प्रतींच्या पत्त्यांची, यादी पाठवली, तर ती यादीही हेडर बनते आणि तुमच्या डोमेनच्या नावाने शेकडो अनोळखी लोकांना पत्रे जातात. पत्ता आणि विषय यांतील अशी चिन्हे पीएचपी बहुतांशी स्वतः निष्प्रभ करते. पण अधिकच्या हेडरांची माळ तुम्ही स्वतः गुंफलेली असते आणि तिच्यात ओळी तुटणे कायदेशीरच असते, त्यामुळे तिथे पीएचपीचा इलाज चालत नाही.

इथे ‘साफ’ करत बसू नये, नाकारावे. एका ओळीच्या रकान्यातून ब्राउझर ओळ तोडणारे चिन्ह पाठवतच नाही, ते आधीच काढून टाकतो. नाव, ईमेल किंवा विषय यांत ते सापडले तर समोर माणूस नाही, प्रोग्रॅम आहे. त्याची चौकशी जपण्याचे कारण नाही. लायब्ररी वापरल्यावर हा धोका बराच कमी होतो, तरीही तपासणी दारातच असावी, कारण लायब्ररीही अचूक नसतात. डिसेंबर २०१६ मध्ये खुद्द पीएचपीमेलरमध्ये गंभीर दोष उघड झाला: पाकिटावरच्या प्रेषकाच्या जागी वापरकर्त्याचा पत्ता दिला असेल, तर तो पत्ता पुढे मेल पाठवणाऱ्या प्रोग्रॅमच्या आज्ञेत जात असे आणि खुबीने रचलेल्या पत्त्यातून सर्व्हरवर हवी ती फाइल लिहिता येत असे. ५.२.१८ या आवृत्तीतली पहिली दुरुस्ती अपुरी निघाली आणि ५.२.२० पर्यंत थांबावे लागले. यातली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की तो घातक पत्ता ईमेलच्या व्याकरणानुसार वैध होता. मानकात अवतरणचिन्हांच्या आत मोकळी जागा आणि इतर बरेच काही चालते. ‘पत्ता वैध आहे’ आणि ‘पत्ता निरुपद्रवी आहे’ ही दोन वेगळी विधाने आहेत. तेव्हा चौकशी करणाऱ्याचा पत्ता ‘रिप्लाय-टू’खेरीज कुठेही जाऊ देऊ नये.

आता दुसरी तक्रार, फुटक्या अक्षरांची. इंग्रजीत चाचणी करून सोडलेल्या स्क्रिप्टा मराठीत का अडखळतात याची कारणे मोजता येतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

हेडरमध्ये रोमनेतर अक्षरे पाठवण्याची रूढ पद्धत अशी, की ती बेस६४ मध्ये, म्हणजे फक्त रोमन अक्षरे, अंक आणि मोजक्या खुणांच्या लेखनात, रूपांतरित करून अक्षरसंचाच्या नावासह एका ठरावीक वेष्टनात घालायची. असे एक वेष्टन ७५ चिन्हांपेक्षा लांब असू नये. यूटीएफ-८ चे नाव आणि वेष्टनाच्या खुणा यांत १२ चिन्हे जातात, उरलेल्या ६३ मध्ये बेस६४ चे चारचे गट ६० पर्यंत बसतात, आणि ६० चिन्हांत ४५ बाइट मावतात. देवनागरीचे प्रत्येक युनिकोड चिन्ह, म्हणजे मूळ अक्षर, काना, वेलांटी, हलन्त हे सगळे वेगवेगळे मोजून, तीन बाइट घेते. म्हणजे एका वेष्टनात फक्त १५ चिन्हे. ‘गणपतीच्या सुट्टीत दोन खोल्या मिळतील का’ या साध्या विषयात ३३ देवनागरी चिन्हे आणि ५ मोकळ्या जागा आहेत, एकूण १०४ बाइट; त्याला तीन वेष्टने लागतात. तुमची स्क्रिप्ट विषय तसाच कच्चा पाठवते. काही मेलप्रोग्रॅम तो समजून घेतात, काही प्रश्नचिन्हे दाखवतात. इंटरनेटवर सापडणारा नेहमीचा उपाय म्हणजे अख्खा विषय एकाच वेष्टनात कोंबणे. तोही मर्यादा मोडतो. बाइट मोजून तुकडे पाडले, तर अक्षराच्या मधोमध चीर पडते. तुकडा नेहमी पूर्ण चिन्हाच्या सीमेवरच पाडला पाहिजे. लायब्ररी हे स्वतः करते, आणि हे एकच कारणही ती वापरायला पुरेसे आहे.

विषयाबाबत माझे मत याहून पुढचे आहे. मालकाला येणाऱ्या पत्राचा विषय तुम्ही ठरवावा, चौकशी करणाऱ्याने नव्हे. ‘चौकशी क्रमांक १४२’ आणि त्यापुढे नाव, एवढे पुरते; त्याने लिहिलेला विषय मजकुरात पहिल्या ओळीवर यावा. क्रमांक असल्यामुळे डेटाबेसमधली नोंद शोधता येते, आणि सगळ्या पत्रांचा विषय एकसारखा असल्यास मेलप्रोग्रॅम वेगवेगळ्या माणसांची पत्रे एकाच साखळीत गुंफतात, तेही टळते.

मजकुरातली फूट अधिक फसवी असते. एसएमटीपीत एका ओळीची मर्यादा ९९८ बाइट आहे. मराठीत ३३२ चिन्हे झाली की ती गाठली जाते, आणि मोबाइलवर एका दमात, एंटर न दाबता लिहिलेला परिच्छेद याहून सहज मोठा असतो. वाटेतला एखादा सर्व्हर मग ती ओळ स्वतःच तोडतो, तेही बाइट मोजून, आणि नेमक्या त्या ठिकाणी एक अक्षर फुटते. इंग्रजीत तोच परिच्छेद तिप्पट लांब होईपर्यंत काही बिघडत नाही, म्हणून ‘टेस्ट टेस्ट’ लिहून पाहणाऱ्याला हा दोष कधीच सापडत नाही. मजकूर बेस६४ मध्ये पाठवला की प्रश्न मिटतो, कारण मग ओळी ठरलेल्या लांबीच्या होतात. ‘कोटेड-प्रिंटेबल’ ही दुसरी पद्धत इंग्रजीला सोयीची आहे; देवनागरीच्या एका चिन्हाला ती नऊ अक्षरे खर्च करते, बेस६४ चार. पत्र साध्या मजकुराचे ठेवावे आणि अक्षरसंच यूटीएफ-८ असल्याचे हेडरमध्ये नमूद करावे. एचटीएमएलची सजावट मालकाला नको असते आणि तुम्हाला ती धोक्यात घालते.

रकाने तपासतानाही हीच जाण हवी. नावाला ५० ची मर्यादा घालून लांबी ‘एसटीआरलेन’ या बाइट मोजणाऱ्या फंक्शनने मोजली, तर प्रत्यक्षात १६ चिन्हांपुढचे मराठी नाव नाकारले जाते, आणि स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव लिहिण्याची आपली पद्धत पाहता बहुतेक जण अडकतील. लांबी चिन्हे मोजणाऱ्या ‘एमबी’ कुटुंबातल्या फंक्शनने मोजावी. ‘फक्त अक्षरे चालतील’ असा नियम युनिकोडच्या अक्षरवर्गावर बेतला, तर काने-मात्रे बाहेर राहतात, कारण त्यांचा वर्ग वेगळा आहे. आणखी एक खास आपली अडचण: ‘कऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’ या आडनावांतला ऱ काही कळफलक र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असा लिहितात. सुरक्षेच्या नावाखाली सगळी अदृश्य चिन्हे गाळली, की कऱ्हाडेंचे ‘कर्हाडे’ होते. गाळायचीच तर फक्त नियंत्रण-चिन्हे गाळावीत. गोव्याहून येणाऱ्या चौकशांत डिसूझा, डिमेलो ही आडनावे रोमन लिपीत अपॉस्ट्रॉफीसह येतात. मजकूर शिरतानाच ‘स्वच्छ’ करणारी जुनी गाळणी, जी पीएचपी ८.१ पासून कालबाह्य ठरवली आहे, त्या चिन्हाचे एचटीएमएल संकेतांक करून टाकते आणि मालकाच्या पत्रात भलतेच नाव उमटते. नियम असा ठेवावा: नोंद जशी आली तशी, आणि सुरक्षित रूपांतर ज्या ठिकाणी दाखवायचे त्या ठिकाणी. साध्या मजकुराच्या पत्रात ते लागत नाही. चौकशांची यादी वेबपानावर दाखवाल तेव्हा प्रत्येक रकान्याला लागते. फोनच्या रकान्यात देवनागरी अंक आले तर ते रोमन अंकांत बदलून घ्यावेत, चूक दाखवू नये.

कचऱ्याबद्दल मी कॅप्चाने सुरुवात करणार नाही. वयस्कर माणसाला लहान पडद्यावर वाहतुकीचे दिवे मोजायला लावणे हा होमस्टेच्या स्वागताचा चांगला नमुना नाही. आधी माणसांना न दिसणारा एक जादा रकाना ठेवावा. तो भरून आला तर समोर प्रोग्रॅम असण्याची शक्यता मोठी. ब्राउझर आपणहून भरेल असे ‘ईमेल२’सारखे नाव त्याला देऊ नये, आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांपासून व टॅबच्या क्रमापासूनही तो लपवावा. फॉर्म उघडल्यापासून दोन-तीन सेकंदांत भरून आला तर तीही खूण समजावी. आयपी पत्त्यावर मर्यादा घालायची तर सैल हाताने घालावी, कारण आपल्याकडे मोबाइल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच जाहीर आयपी पत्त्यामागे ठेवतात. मुख्य म्हणजे या खुणांवरून चौकशी फेकून देऊ नये. नोंदीत ‘संशयित’ असा शिक्का मारून ती ठेवावी आणि फक्त तिचा मेल थांबवावा. मालकाने आठवड्यातून एकदा त्या यादीवर नजर टाकली तरी पुरे. एवढ्यानेही भागले नाही, तरच कॅप्चा.

‘तुमची चौकशी मिळाली’ असे आपोआप उत्तर पाठवण्याचा मोह अनेकांना होतो. ते पाठवायचेच असेल तर त्यात चौकशीचा मजकूर किंवा नावही परत छापू नये. अन्यथा कोणीही दुसऱ्याचा पत्ता आणि स्वतःची जाहिरात फॉर्ममध्ये भरून तुमच्या डोमेनवरून ती जाहिरात पाठवू शकतो, आणि डागाळते ते तुमच्या डोमेनचे नाव. ठरलेला मजकूर, एका पत्त्याला दिवसातून एकदाच, आणि हे पत्र यंत्राने पाठवले आहे असे सांगणारा ‘ऑटो-सबमिटेड’ हेडर, या तीन अटी पाळाव्यात. आभार-पानावर चौकशी क्रमांक दाखवला तर या उत्तराची गरजच बहुधा उरत नाही.

फोटो किंवा ओळखपत्र जोडण्याची सोय संपर्क-फॉर्ममध्ये देऊच नये. आणि चौकशा आता तुमच्याकडे साठणार असल्यामुळे, २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा लक्षात घेऊन, माहिती कशासाठी घेतो हे फॉर्मखाली एका वाक्यात लिहावे आणि ठरावीक मुदतीनंतर जुन्या नोंदी क्रॉननेच पुसाव्यात.

बदल एकदम न करता क्रमाने करावेत: आधी ‘फ्रॉम’ आणि ‘रिप्लाय-टू’ची अदलाबदल, जी आजच दहा मिनिटांत होईल, मग डीएनएसच्या नोंदी, मग डेटाबेस आणि क्रॉन, शेवटी कचऱ्याची गाळणी. डीएनएस झाल्यावर मालकाच्या जीमेलमध्ये आलेले एक पत्र उघडून ‘शो ओरिजिनल’ निवडावे. तिथे एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्हींपुढे ‘पास’ दिसले पाहिजे. चाचणीच्या पत्रांसाठी स्वतःच्या संगणकावर मेलपिटसारखे साधन चालवावे, म्हणजे खरी पत्रे बाहेर जात नाहीत. तपासायला घ्यायच्या चौकशा अशा: एंटर न दाबता लिहिलेला चारशे चिन्हांचा मराठी परिच्छेद, इमोजी असलेला मजकूर, अपॉस्ट्रॉफीचे आडनाव, जोडचिन्हाने लिहिलेले ‘कऱ्हाडे’, देवनागरी अंकांतला फोन, याहूचा पत्ता, आणि नावाच्या रकान्यात ओळ तोडून घुसवलेला ‘बीसीसी’. एकदा एसएमटीपीचा पासवर्ड मुद्दाम चुकीचा ठेवून फॉर्म भरावा, नोंद झाली आणि कारण लिहिले गेले याची खात्री करावी, आणि पासवर्ड दुरुस्त केल्यावर तीच चौकशी पुढच्या फेरीत आपोआप निघते का ते पाहावे. याशिवाय क्रॉनने रोज सकाळी मालकाला काल किती चौकशा आल्या, किती मेल गेले आणि किती अडकले, एवढ्या तीन आकड्यांचे पत्र पाठवावे, चौकशी शून्य असली तरीही. ज्या दिवशी ते पत्र येणार नाही, त्या दिवशी त्याने तुम्हाला फोन करावा, असे त्याला आधीच सांगून ठेवावे.